रबराची सात बुचं

३ ऑक्टोबर, शुक्रवार

वजन ४३.६ किलो. सकाळी दूध अर्धा कप. दुपारी भात तीन चमचे, सूप दोन. अंडं नको म्हणाली. रात्री काही नाही.

आई काय खाते ते रोज लिहून ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. त्यासाठी ही वही आणली. ऑफिसात दिवसभर वजनकाटे तपासून त्यांच्या नोंदी करतो, तेव्हा हे काम जड जाऊ नये. घरचा काटा मागच्या रविवारी ऑफिसातली वजनं आणून तपासला. शंभर ग्रॅमच्या आत बरोबर आहे.

धाकट्या भावाला जाऊन आज बावीस दिवस झाले. तो ज्या संगीतशाळेत शिकवायचा तिथले वाद्यदुरुस्तीचे कारागीर सकाळी येऊन डबल बेस घेऊन गेले. वाद्य शाळेचंच होतं. व्हायोलिनच्या आकाराचं, पण माणसापेक्षा उंच, उभं धरून वाजवायचं. आई त्याला म्हैस म्हणते. कारागिरांनी आणि मी मिळून ते तीन जिने उतरवलं. चोपन्न पायऱ्या. तो सकाळी एकटा उतरवायचा आणि संध्याकाळी एकटा वर आणायचा. शाळेत त्यासाठी कपाट होतं, कुलूप होतं. मी त्याला कितीदा म्हटलं, तिथेच ठेवत जा. तो म्हणायचा, "तिथे फरशी आहे." हे काही कारण झालं नाही.

आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "म्हशीला जपून न्या."

कारागीर म्हणाले, "हो आई." ते तिला ऐकू गेलं नसावं.

४ ऑक्टोबर, शनिवार

वजन ४३.६. सकाळी ब्रेडचा एक तुकडा. दुपारी भात चार चमचे. रात्री दूध, अर्धं टाकलं.

धाकट्याची खोली आवरली. तो स्टूलवर बसून वाजवायचा, तिथे लाकडी जमिनीत एक भोक आहे. डबल बेसच्या तळाला लोखंडी सळई असते, तिचं टोक रोज तिथेच टेकलेलं असायचं. सहा मिलिमीटर रुंद, नऊ खोल. आईची काठी नेमकी त्यात अडकेल म्हणून वर रबरी पायपुसणं टाकलं.

टेबलाच्या ड्रॉवरमध्ये रबराची सात बुचं सापडली. काळी, एकसारखी, न वापरलेली. कशाची ते कळलं नाही. टाकली नाहीत.

ताईचा फोन आला. ती आम्हा तिघांत मोठी. म्हणाली, "तू दिवसभर ऑफिसात, आई तिसऱ्या मजल्यावर एकटी. शेजारच्या काकू दोनदा डोकावतात म्हणजे झालं का? मी आठ नोव्हेंबरला येते. तोपर्यंत ती नीट जेवायला लागली तर ठीक. नाही तर मी तिला माझ्याकडे नेणार."

"बरं," मी म्हणालो.

"बरं काय? तुला काय वाटतं ते सांग."

मला काय वाटतं ते मी सांगितलं नाही. आई गेली तर मला ऑफिसजवळ एका खोलीची जागा पुरेल. जाण्यायेण्याचा वेळ वाचेल. सोय बघितली तर ते वाईट नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

वजन ४३.५. दिवसभरात मिळून पाव वाटी भात, एक कप दूध.

आई संध्याकाळी तिच्या खुर्चीत बसली होती. खुर्ची धाकट्याच्या दारासमोर असते, गेली अकरा वर्षं. तो सहा ते सात रियाज करायचा. ती चपला काढून, पाय जमिनीवर टेकवून, डोळे मिटून बसायची. सात वाजता वाजवणं थांबलं की उठायची आणि म्हणायची, "झालं का? चला." मग आम्ही तिघं जेवायला बसायचो.

आज पावणेसहाला ती डोळे न उघडताच म्हणाली, "आज लवकर बसला."

कोणी बसलं नव्हतं. खालच्या मजल्यावर कपडे धुवायचं यंत्र चालू होतं, तेवढंच. मी हे डॉक्टरांना सांगायचं ठरवलं आहे. भास ही नवी गोष्ट आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

वजन ४३.४.

डॉक्टर म्हणाले, या वयात चालायचंच, लक्ष ठेवा. आईला थंडीचे जाड लोकरी मोजे आणले. जमीन गार पडू लागली आहे.

मला वाटतं, सहा ते सात काही वाजत नाही म्हणून तिची जेवायची वेळ हरवली आहे. हे सोपं आहे आणि मला आधी सुचायला हवं होतं. माझ्या फोनमध्ये धाकट्याच्या एका तालमीचं रेकॉर्डिंग होतं. सहा वाजता तिच्या कानाजवळ लावलं. कानाचं यंत्र घालायला लावलं. एरवी ती घालत नाही, त्यातून सगळी माणसं भांडी घासल्यासारखी बोलतात म्हणते.

दोन मिनिटांनी म्हणाली, "बंद कर. जे झालं ते झालं. ते परत कशाला वाजवतोस?"

मग मला म्हणाली, "वाजवायचं तर आता वाजव."

रात्री काही खाल्लं नाही. ताट तिच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं, तसंच परत आणलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

वजन ४३.४. सूप अर्धी वाटी.

कपाटावरून पेटी खाली काढली. आत अकूस्टिक बेस गिटार आहे. साध्या गिटारपेक्षा मोठी, पोकळ, चार जाड तारांची. नऊ वर्षांपूर्वी मीच धाकट्याला दिली होती. दुकानदार म्हणाला होता, डोळे मिटून ऐका, डबल बेसच वाटेल. धाकट्याचे जिने वाचावेत एवढाच हेतू. त्याने हातात घेतली, हसला आणि म्हणाला, "दादा, हे तसं नाही वाजत."

"वाजवून तर बघ."

"बघायला कशाला लागतं?"

आईने काय आणलं विचारलं. दाखवल्यावर म्हणाली, "हे तर म्हशीचं रेडकू." ते दोघं बराच वेळ हसत होते. पेटी कपाटावर गेली. पुढे तो विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. मला राग आला होता, असं आता लिहायला हरकत नाही.

आज पेटी उघडली. मी दिली तेव्हा तारा चकचकीत पितळी होत्या. आता काळ्या आहेत, नायलॉनचं वेष्टण असलेल्या. तारा खालच्या टोकाला ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीजवळ, तारांच्या खाली निळ्या स्पंजचा तुकडा खोचलेला आहे. भांडी घासायचा स्पंज. एकदा नवा कोरा स्पंज कोपऱ्यात कापलेला सापडला होता आणि मी उंदरांसाठी पिंजरा आणला होता. मानेच्या मागे, जिथे अंगठा टेकतो, तिथलं पॉलिश गेलेलं आहे.

म्हणजे तो हे वाजवत होता. मला सांगितलं नाही.

पेटीत तारा पुसायचं त्याचं जुनं बनियन होतं. बोळा करून कोंबलेलं. काढून घडी घातली आणि तिथेच ठेवलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

वजन ४३.३. दूध एक कप, ब्रेडचा अर्धा तुकडा.

मी संगीत शिकलेलो नाही. एका सुट्टीत धाकट्याने मला आठ सुरांची एक चाल शिकवली होती, चार वर, चार खाली. त्याचा रोजचा रियाज त्यानेच सुरू व्हायचा. तेवढी येते. सहा ते सात तेवढीच वाजवायची असं ठरवलं. आईला फरक कळू नये एवढं जमलं तर पुरे. दुकानदार म्हणाला होता त्यात तथ्य असेल तर जमावं.

फोनवर आवाज मोजायचं एक साधन घेतलं. सगळ्यात जाड तार एक्केचाळीस हर्ट्झची. धाकट्याच्या रेकॉर्डिंगमध्ये एक्केचाळीसवर ठळक उंचवटा दिसतो. गिटारवर तीच तार छेडली तर एक्केचाळीसवर जवळपास काहीच नाही, सगळा जोर ब्याऐंशीवर. कान मात्र फसतो, त्याला सूर खालचाच वाटतो. गिटारचं पोकळ लाकडी अंग लहान पडतं, त्यामुळे असं होत असावं. डबल बेसचा स्वर सेकंदाभरात मावळतो. गिटारचा चार सेकंद रेंगाळतो. स्पंज आणखी आत सरकवला. अडीच सेकंद झाले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

वजन ४३.३.

सहाला आईच्या खुर्चीपासून एक मीटरवर, धाकट्याच्या स्टूलवर बसलो. गिटार मांडीवर. वीस मिनिटं वाजवलं. बोटं दुखू लागली. आई समोर बघत होती.

मग म्हणाली, "सुरू कर ना. कधीचा घेऊन बसलायस."

१९ ऑक्टोबर, रविवार

वजन ४३.२. दुपारी भात चार चमचे, अंडं अर्धं.

धाकटा ज्या चौघांच्या वाद्यवृंदात वाजवायचा, त्यातला ड्रमवाला भेटायला आला. मोठा माणूस, बोलतो फार. मलाही धाकट्यासारखंच दादा म्हणतो. त्याला म्हटलं, तुम्ही स्वयंपाकघरात डोळे मिटून उभे राहा, मी वाजवतो, कितपत जवळ येतं ते सांगा.

"दादा, परीक्षाच घेताय."

"हो."

तो गेला. मी आठ सूर वाजवले. आतून ओरडला, "शंभरात साठ."

"चाळीस कुठे गेले?"

"पोटात. ह्याला पोटच नाही, आवाज यायचा कुठून? आणि हा जातही नाही लवकर. डबल बेस दोन शब्द बोलतो आणि गप्प बसतो. हे बोलणं संपल्यावरही दारात उभं राहतं, पाहुण्यासारखं."

बाहेर येऊन त्याने दाखवलं. बोटाच्या टोकाने छेडायचं नाही, पहिल्या पेराची अख्खी कड वापरायची. घोडीपासून दूर, मानेच्या टोकाशी. छेडल्यावर डावं बोट लगेच सैल सोडायचं. पुन्हा वाजवलं. तो म्हणाला, पंचाहत्तर. मग म्हणाला, "हे आणायचा की तो तालमीला. बरीच वर्षं झाली. दोन आठवडे आणलं. आम्ही म्हटलं, चालेल, माइक लावला की लोकांना कुठे कळतंय. तुझी पाठ तरी वाचेल. तर म्हणाला, घरी चालत नाही. आणि परत म्हैस."

"घरी कोण नाही म्हणालं?" मी विचारलं. "मीच तर दिली होती."

"ते मला काय माहीत? तुमच्या घरचं तुम्हाला ठाऊक."

घरी कोणीही नाही म्हटलेलं नाही. मला नीट आठवतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

वजन ४३.२.

सोमवारपासून रोज सहा ते सात. ड्रमवाल्याच्या पद्धतीने. स्वर आता दीड सेकंदात मावळतो. सव्वासहाला आई खुर्चीतून उठून खोलीत जाऊन पडते. ताट आत नेऊन ठेवतो आणि परत येऊन तारा लावत बसतो, कारण सूर उतरतात. परत जावं तो भात गार झालेला असतो.

काल मी फक्त खुर्चीच्या हातावर पेन्सिलने ठेका धरला होता, तेव्हा तिने मान वर केली. वाजवलं तेव्हा नाही. याचा अर्थ लागला नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

वजन ४३.०.

ताईला आकडा कळवला. ती म्हणाली, "मी तिची खोली तयार करते." मी बरं म्हणालो.

धाकटा गेला त्या संध्याकाळबद्दल एक गोष्ट कुठेच लिहिलेली नाही. तो म्हैस वर घेऊन आला, भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "दादा, पाणी दे रे." मी फोनवर ऑफिसचं बोलत होतो. हाताने खूण केली, एक मिनिट. तो बसला. फोन चार मिनिटांचा होता, नंतर पाहिलं. डॉक्टरांच्या मते पाण्याने काही फरक पडला नसता. जिन्यांचाही संबंध नाही म्हणतात. मीही तसंच समजतो.

१ नोव्हेंबर, शनिवार

वजन ४२.९. दूध अर्धा कप.

जाड तार मानेवरच्या तिसऱ्या पडद्यावर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीवर, खरखरते म्हणून गिटार घेऊन कारागिरांकडे गेलो. संगीतशाळेच्या मागच्या बाजूला त्यांची खोली आहे. म्हैस तिथेच कोपऱ्यात उभी होती. मी तिच्याकडे पाठ करून बसलो.

त्यांनी पडदा कानस मारून बसवला. मी कशासाठी वाजवतो ते विचारलं. सांगितलं. आईला कमी ऐकू येतं तेही सांगितलं. ते काम करता करता म्हणाले, "तुमच्याकडे जमीन लाकडी आहे ना?"

"हो. तुम्ही बघितली आहे."

"बघितली. भोकही बघितलं. सळईच्या टोकाला रबराचं बूच असतं, वाद्य घसरू नये म्हणून. जमीनही वाचते. मी सात वर्षं आहे इथे. दर वर्षी नवं बूच बसवून द्यायचो आणि हा गडी घरी नेऊन काढून टाकायचा. मी ओरडायचो, अरे, घरमालक तुला बाहेर काढेल. तर म्हणायचा, बुचाने आवाज अडतो."

"कुठे अडतो?"

"जमिनीत जायचा अडतो. सळई लाकडात रोवली की सगळी जमीन वाजते. कानाने नाही ऐकू आलं तरी पायाला लागतं. इथे आमच्याकडे फरशी. फरशीला काय कळतंय?" त्यांनी गिटार उचलून माझ्या हातात दिली. "आणि तुम्ही हे घेताय मांडीवर. मांडी कसली वाजणार?"

"बुचं आहेत माझ्याकडे," मी म्हणालो. "सातही."

"ठेवा. मला नकोत."

चालत घरी आलो. तिथे फरशी आहे. हे कारण होतं. अकरा वर्षं, चोपन्न पायऱ्या.

घरी आल्यावर पायपुसणं उचललं.

२ नोव्हेंबर, रविवार

वजन ४२.९.

सकाळी धाकट्याच्या खोलीतली खिडकीच्या पडद्याची दांडी काढली. कडक लाकडाची आहे. गिटारच्या तळाला पट्टा अडकवायचं बटण असतं, ते काढून त्या जागी दोन्हीकडे आटे असलेला स्क्रू बसवला आणि त्यावर दांडीचा तुकडा फिरवून घट्ट केला. पहिला तुकडा एकतीस सेंटिमीटरचा कापला, तो आखूड पडला. दुसरा अडतीसचा. खालच्या टोकाला जाड खिळा ठोकून डोकं कापलं आणि कानशीने टोक केलं. भोकात बरोबर बसतं. गिटार आता गुडघ्यांच्या मध्ये उभी राहते. दिसायला विचित्र आहे. पडदा नसल्यामुळे खोलीत दुपारभर ऊन होतं.

पावणेसहाला आईचे मोजे काढले. ती म्हणाली, "गार आहे की जमीन."

"थोडा वेळ," मी म्हणालो.

सहाला सुरू केलं. तिच्या पायांकडे बघत होतो त्यामुळे दोनदा चुकलो. पहिल्या चार सुरांना काही नाही. जाड तारेवर आलो तेव्हा उजव्या पायाचा अंगठा वर झाला. मग तिने दोन्ही पाय पुढे सरकवले आणि तळवे पूर्ण टेकवले. डोळे मिटले.

काही वेळाने विचारलं, "कोण आहे?"

मी जोरात म्हणालो, "मी."

"तेच म्हटलं."

मी सात वाजेपर्यंत तेच आठ सूर वाजवले. किती वेळा ते मोजलं नाही. सातला थांबलो. काठीचा आवाज आला. ती उठली होती आणि जेवायच्या टेबलाकडे चालली होती. मी ताट तिच्या खोलीत ठेवलं होतं, ते पळत जाऊन आणलं.

ती ताटाकडे बघत राहिली. "आणि तुझं?"

"मी नंतर घेतो."

"नंतर म्हणजे कधी?"

दुसरं ताट घेतलं. भात एक वाटी, सूप, अंडं पूर्ण. म्हणजे तिने. माझी नोंद ठेवायची नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

वजन ४३.०. तीन दिवस सातला स्वतः उठून टेबलावर येते. काल भात परत मागितला.

गिटार उभी धरून आवाज पुन्हा मोजला. एक्केचाळीसवर अजूनही काही नाही. हवेतला आवाज होता तसाच आहे. खिळा भोकात आहे की नाही, फोनला फरक कळत नाही.

आई आज म्हणाली, "रेडकू पाय आपटतं छान. चाल मात्र तीच तीच."

"मला एवढीच येते."

"मग दुसरी शीक. तो काय पोटातून शिकून आला होता?"

८ नोव्हेंबर, शनिवार

वजन ४३.२.

ताई दुपारी आली. आल्या आल्या आईची बॅग बाहेर काढली, कपडे पलंगावर रचले, औषधांची यादी केली. मी वही दाखवली. तिने आकडे वाचले. "पाचशे ग्रॅम कमी झालंय महिन्यात."

"चारशे. आणि मागच्या रविवारपासून तीनशे वाढलंय."

"तू ना," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघितलं. "उभा राहा त्या काट्यावर."

"मी कशाला?"

"राहा म्हणते ना."

राहिलो. ऑगस्टमध्ये ऑफिसच्या तपासणीत होतो त्यापेक्षा सहा किलो आठशे ग्रॅम कमी.

"काटा बरोबर आहे," मी म्हणालो. "मी तपासला आहे."

"मला माहीत आहे बरोबर आहे. तू जेवतोस कुठे?"

"ऑफिसात. कधी उभ्याने. या आठवड्यात घरी, आईबरोबर."

ती वही घेऊन खाली बसली आणि मागची पानं पुन्हा वाचू लागली. काय शोधत होती ते कळलं नाही. वहीत फक्त आईचंच आहे.

सहाला मी वाजवायला बसलो. ताईला सांगितलं, चप्पल काढ. तिने काढली नाही. दारात उभं राहून पाच मिनिटं ऐकलं. म्हणाली, "हे तसं वाजत नाही."

"नाही."

"अजिबात नाही. तो वाजवायचा तेव्हा जिन्यात खालपर्यंत..." ती थांबली. "त्याला गिटार देतोय म्हणून तू मला फोन केला होतास तेव्हाच मी म्हटलं होतं."

"हो."

आईचे पाय जमिनीवर होते. अंगठा हलत होता. ताईने ते बघितलं. मग तिने चप्पल काढली आणि आईच्या शेजारी भिंतीला टेकून खाली बसली. सातपर्यंत तिथेच होती. हात जमिनीवर ठेवला होता.

आम्ही तिघं जेवलो. आईने दोनदा भात घेतला. जेवण झाल्यावर ताई तिच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "आई, उद्या निघायचं ना माझ्याकडे? बॅग भरली आहे."

"कशाला?"

"तिथे जिने नाहीत. मी दिवसभर घरी असते. ऊन येतं."

"ऊन इथेही येतं आता. ह्याने पडदा काढलाय." आईने माझ्याकडे काठीने खूण केली. "आणि ह्याचा हात अजून बसलेला नाही. आठच सूर येतात. हे असं अर्धवट टाकून मी कुठे येऊ?"

"त्याचा हात बसायला वर्ष लागेल."

"लागू दे. मला कुठे जायचंय?"

ताई भांडी घासायला गेली. तीन ताटं होती. नळ बराच वेळ चालू होता. मी आत गेलो तेव्हा भांडी घासून झालेली होती आणि ती पाठमोरी उभी होती. म्हणाली, "डोळ्यात साबण गेला." मी टॉवेल दिला.

"तू म्हणाला का नाहीस?" तिने विचारलं. "आईला नेऊ नको म्हणून. एकदा तरी म्हणायचंस."

"तू विचारलं नाहीस."

"चार तारखेला विचारलं होतं. ऑक्टोबरच्या."

वही बघितली. विचारलं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

वजन ४३.३. सकाळी ब्रेड दोन तुकडे, अंडं, दूध एक कप.

ताई सकाळच्या गाडीने गेली. तिची बॅग मी खाली नेऊन दिली. जिन्यात म्हणाली, "महिन्याने येते. तुझंही वजन लिहीत जा." लिहायचं झालं तर ६१.२.

ड्रमवाल्याला फोन केला. दुसरी चाल शिकवाल का विचारलं. म्हणाला, बुधवारी येतो, पण दादा, तुम्ही पैकीच्या पैकी मागू नका. मी म्हणालो, नाही मागत.

नऊ वर्षांपूर्वीच्या वादाचा निकाल इथे लिहून ठेवतो. अकूस्टिक बेस गिटार डबल बेससारखी वाजत नाही. तारा बदलल्या, स्पंज लावला, कडेने छेडलं तरी पंचाहत्तरच्या पुढे जात नाही. दांडी लावूनही नाही. धाकट्याचं बरोबर होतं. त्याने वाजवून बघितलं होतं, आणि मग म्हणाला होता की घरी चालत नाही. मी हे त्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

आई दुपारी झोपली. गिटार पुसायला पेटी उघडली. नायलॉनच्या तारांना बोटांचा घाम धरतो, रोज पुसाव्या लागतात, कारागीर म्हणाले होते. इतके दिवस मी रुमालाने पुसत होतो. बनियन घडी घातलेलं तसंच होतं. बाहेर काढलं. खालची कड काळी कुळकुळीत झाली होती आणि कडक झाली होती. अशाने पुसलं तर तारा उलट खराब होतील.

बादलीत कोमट पाणी घेतलं, साबण लावला, अर्धा तास भिजत ठेवलं. तीनदा पाणी बदललं. काळं पूर्ण गेलं नाही. पिळून खिडकीत दोरीवर वाळत घातलं आणि दोन्ही खांद्यांना चिमटे लावले.